कण्याचें माप

मनुष्याच्या शरीराचें माप घेण्याचा अधिकार आपल्या समाजानें आजवर शिंप्यास, तालमींतील वस्तादास आणि फार तर वधूची उंची विचारणाऱ्या मंडळींस दिलेला आहे. वैद्यानें नाडी पाहावी, जीभ पाहावी, पोट दाबून पाहावें. परंतु त्यानें खिशांतून फीत काढून रोग्याची पाठ मोजावी, हें दृश्य अजून आपल्या सवयीचें झालेलें नाहीं. आणि दुखणें मोजावें, म्हणजे ‘किती दुखतें?’ या प्रश्नाचें उत्तर आंकड्यांत मागावें, हें तर बहुतेकांस हास्यास्पदच वाटेल. ज्याचें दुखणें त्यासच कळतें अशी आपली पिढीजात समजूत, आणि ती खोटीही नाहीं. प्रश्न इतकाच कीं, ज्याचें त्यास कळतें तें दुसऱ्यास कसें कळावें? गेल्या दोन वर्षांत हा प्रश्न आमच्या आप्तांच्या घरांत ठाण मांडून बसला होता, म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

आमची थोरली बहीण मुक्ताईनगरास दिलेली आहे. जुनीं माणसें या गांवास अद्याप एदलाबाद म्हणतात. जळगांव जिल्ह्याच्या पूर्व टोकास, तापी-पूर्णेच्या संगमापासून जवळच हें गांव आहे. वारकऱ्यांस तें मुक्ताबाईमुळें ठाऊक आणि व्यापाऱ्यांस केळीमुळें. मेहुण्यांची शेती केळीचीच. या शेतींत पाठीस विसांवा म्हणून नाहीं. कंद लावावयाचे तर वांकावें लागतें, पाण्याच्या नळ्या पसरावयाच्या तर वांकावें लागतें, आणि घड कापला म्हणजे तो खांद्यावर घेऊन बांधापर्यंत वाहावा लागतो. अशा घरांतला धाकटा मुलगा विसाव्या वर्षापासून पाठ दुखते म्हणूं लागला. पहांटे तीन-चारच्या सुमारास त्यास दुखण्यानें जाग येई. मग तो अंगणांत फेऱ्या घाली. सकाळीं अंथरूण सोडून अंग मोकळें व्हावयास तास-दीड तास लागे. दुपारीं मात्र तो चांगला हिंडेफिरे. ज्येष्ठांत मुक्ताईची पालखी पंढरपुरास निघते. वाट पांचशें किलोमीटरांहून अधिक, सुमारें महिन्याची. हा मुलगा दोन वर्षें त्या पालखीबरोबर पायीं गेला आणि परतला तो ताजातवाना! मग काय विचारतां? ‘पंढरपुरापर्यंत पाठ दुखत नाहीं, शेतांत जातांनाच दुखते,’ हें वाक्य घरांत आणि घराबाहेर इतक्या वेळां उच्चारलें गेलें कीं, त्याची म्हण होण्यास फारसें कांहीं उरलें नव्हतें. त्यांतच देवळांत तो साष्टांग नमस्कार न घालतां उभ्यानेंच हात जोडी. तेव्हां आळसाच्या जोडीस नास्तिकपणाही त्याच्या पदरीं बांधला गेला.

आतां गंमत अशी कीं, ज्या गोष्टीनें मुलगा ढोंगी ठरला, तीच गोष्ट त्याच्या रोगाची मुख्य खूण होय. ओझें उचलून किंवा लचक भरून पाठ दुखूं लागते, तेव्हां निजून राहिलें असतां ती थांबते आणि हालचालीनें वाढते. हा रोग याच्या उलट चालतो. विश्रांतीनें तो बळावतो, चालण्यानें निवतो. रात्रीच्या उत्तरार्धांत छळतो आणि सूर्य वर चढला म्हणजे सैल पडतो. महिनाभर रोज चालणें हा त्या मुलास नकळत मिळालेला उपचारच होता. गांवांतील एकदोघां चिकित्सकांनीं मात्र त्यास कंबरेचा पट्टा देऊन सक्तीनें निजवून ठेविलें. एकानें त्यास वांकून पायाचीं बोटें धरावयास सांगितलीं; तीं जवळजवळ धरतां आलीं, म्हणून पाठ ठणठणीत असल्याचा निर्वाळाही दिला. बहिणीनें त्यास चोपडें तालुक्यांतील उनपदेवाच्या ऊन पाण्याच्या झऱ्यावरही नेऊन आणलें. अशीं सात वर्षें गेलीं. शेवटीं त्याचा एक डोळा लाल झाला, दुखूं लागला, उजेड सहन होईना. भुसावळच्या एका नेत्रवैद्यानें डोळा तपासला, हा ‘डोळे आल्याचा’ प्रकार नव्हे, डोळ्याच्या आंतल्या पडद्याचा दाह आहे असें सांगितलें, आणि जातां जातां विचारलें, “सकाळीं पाठ आखडते काय?” सात वर्षांत हा प्रश्न त्यास प्रथमच विचारला गेला, आणि तोही डोळ्याच्या वैद्याकडून!

या रोगास अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस म्हणतात. मणक्यांचा दाह होऊन ते हळूहळू जखडतात, इतका अर्थ त्या लांबलचक नांवांत आहे. दाहाचा आरंभ बहुधा माकडहाडाच्या वर, कण्याचा पाया जेथें कटीच्या हाडास मिळतो त्या दोन सांध्यांत होतो. स्नायुबंध जेथें हाडास चिकटतात तेथें दाह, आणि दाह शमतांना तेथें नवें हाड, अशा क्रमानें एक मणका दुसऱ्यास सांधला जातो. पुष्कळ वर्षांनीं क्ष-किरणांच्या चित्रांत असा कणा वेळूच्या काठीसारखा पेरेंपेरें दिसतो. सतराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत बर्नार्ड कॉनर नांवाच्या आयरिश वैद्यानें असा एकजीव झालेला सांगाडा वर्णन केला होता. पुढें १८९३ सालीं रशियांत बेख्तेरेव्ह यानें जिवंत रोग्यांवरून त्याचें वर्णन केलें. १९७३ सालीं रक्तांतील एच. एल. ए.-बी २७ नांवाच्या आनुवंशिक खुणेशीं त्याचें नातें उघडकीस आलें. ही खूण बहुतेक रोग्यांत सांपडते. परंतु ज्यांच्यांत ती सांपडते त्यांतील बहुतेकांस रोग कधींच होत नाहीं, हेंही लक्षांत ठेविलें पाहिजे. रोग बहुधा ऐन पंचविशींत येतो, पंचेचाळिशीनंतर क्वचित्. क्ष-किरणांस त्याच्या खुणा दिसूं लागावयास कित्येक वर्षें जावीं लागतात. आणि म्हणूनच फितीचें आणि प्रश्नांचें महत्त्व.

पुण्यास आम्हीं त्यास या विषयांतील तज्ज्ञ डॉक्टरबाईंकडे नेलें. बरोबर मेहुणेही आले होते. मुलाच्या काळजीनें कीं मुलाचें बिंग फुटतांना पाहावें म्हणून, हें त्यांचें त्यांस ठाऊक. बाईंनीं मुलास पाठ उघडी करून उभें केलें. कंबरेखालीं दोन बाजूंस जे दोन बारीक खळगे असतात, त्यांस जोडणाऱ्या रेषेच्या मध्यावर शाईची खूण केली. तिच्यावर १० सेंटिमीटरांवर दुसरी आणि तिच्याखालीं ५ सेंटिमीटरांवर तिसरी. गुडघे ताठ ठेवून वांकावयास सांगितलें आणि वरच्या-खालच्या खुणांमधील अंतर पुन्हां मोजलें. निरोगी तरुणाच्या पाठींत हें १५ सेंटिमीटरांचें अंतर २० किंवा त्याहून अधिक होतें, कारण मणके एकमेकांपासून उघडतात आणि वरची कातडी ताणली जाते. ही युक्ति १९३७ सालीं शोबर नांवाच्या जर्मन वैद्यानें काढली. खालची तिसरी खूण १९६९ सालीं मॅक्रे आणि राइट यांनीं जोडली. तिचें मर्म असें कीं, पायाचीं बोटें धरणारा मनुष्य खुब्यांतूनही वांकत असतो. कणा काठीसारखा ताठ झालेला असला तरी खुबे मोकळे असतील तर तो जमिनीस हात टेकवूं शकतो. जमिनीपर्यंतचें अंतर फसवितें. पाठीवरचें अंतर फसवीत नाहीं.

मुलाचें अंतर अडीच सेंटिमीटरांनीं वाढलें. तें पाहून मेहुणे म्हणाले, “यांत काय एवढें? आमची पाठही आतां कुठं वांकते!” बाई शांतपणें म्हणाल्या, “काका, तुम्हीही सदरा काढा.” मेहुणे बासष्टीचे. चाळीस वर्षें केळीचे घड वाहिलेली ती पाठ. तिच्यावर तशाच तीन खुणा झाल्या; ते वांकले; फीत लावली; साडेपांच सेंटिमीटर! बाईंनीं दोन्ही आंकडे कागदावर एकाखालीं एक लिहून कागद त्यांच्यापुढें सरकविला. मेहुणे आयुष्यभर मापावर जगलेले गृहस्थ. शेताचा बांध, घडाचें वजन, विहिरीचें पाणी यांत एका बोटाचा फरकही त्यांस खपत नाहीं. त्यांनीं तो कागद दोनदां पाहिला, सदरा अंगांत घातला आणि मुलाच्या सदऱ्याचीं बटणें स्वतः लावूं लागले. मुलगा सत्तावीस वर्षांचा आहे, हें त्या क्षणीं त्यांच्या ध्यानांत नसावें.

फितीचीं मापें येवढ्यावर थांबत नाहींत. टांचा आणि पाठ भिंतीस लावून उभें राहिलें असतां कानाच्या पुढचा बारीक उंचवटा भिंतीपासून किती दूर राहतो. मान दोन्ही बाजूंस किती अंश वळते. सरळ उभें राहून कुशीवर कलतांना हाताचें बोट मांडीवरून किती खालीं घसरतें. आणि उताणें निजून पाय फांकले असतां दोन घोट्यांत किती अंतर पडतें. हीं चार आणि वर सांगितलेलें पांचवें, अशा पांच मापांवरून कण्याच्या चलनाचा एक निर्देशांक १९९४ सालीं इंग्लंडांतील बाथ येथें तयार झाला. प्रत्येक मापास शून्य, एक किंवा दोन गुण. कान भिंतीपासून १५ सेंटिमीटरांच्या आंत असेल तर शून्य, ३० च्या पलीकडे गेला तर दोन. मान ७० अंशांहून अधिक वळली तर शून्य, २० हून कमी वळली तर दोन. आणि याप्रमाणें बेरीज दहांपैकीं. येथें जितके गुण अधिक तितका विद्यार्थी नापास, एवढें ध्यानांत ठेवावें. आमच्या भाच्यास चार गुण मिळाले. श्वास पूर्ण सोडून आणि पूर्ण घेऊन छातीचा घेरही मोजतात, कारण फासळ्यांचे सांधेही या रोगांत आखडतात. त्याचा घेर जेमतेम दोन सेंटिमीटरांनीं वाढला. हीं सर्व मापें दोनदां घेऊन चांगलें तें धरावें आणि पुढच्या खेपेस दिवसाच्या त्याच वेळीं घ्यावीं. कारण सकाळची पाठ आणि दुपारची पाठ या दोन निराळ्या पाठी असतात.

बाथ म्हटलें म्हणजे इंग्रजी शिकविण्यांत जन्म घालविलेल्या आमच्यासारख्यास जेन ऑस्टिनच आठवावयाची. तिच्या कादंबऱ्यांतील अर्धीं पात्रें तेथें पाणी पिण्याच्या निमित्तानें जातात आणि लग्नें जुळवून येतात. तेथें ऊन पाण्याचे झरे आहेत. त्या पाण्याच्या आशेनें वातानें जखडलेले लोक शतकानुशतकें तेथें जात आले, आणि त्यांच्यासाठीं १७३८ सालीं स्थापन झालेलें रुग्णालय पुढें संधिवाताचें मोठें रुग्णालय बनलें. आमच्या उनपदेवासही झरा आहे आणि रोगीही येतात. तेथें कोणी वही घेऊन बसला नाहीं, एवढाच काय तो भेद. परंतु तो थोडा नव्हे.

त्याच १९९४ सालीं बाथच्या मंडळींनीं आणखी दोन कागद तयार केले, आणि त्यांत फीत मुळींच नाहीं, केवळ प्रश्न आहेत. पहिल्यांत सहा: गेल्या आठवड्यांत थकवा किती, मान, पाठ, खुबे यांतील दुखणें किती, इतर सांधे किती दुखले-सुजले, दाबल्यानें कोठें किती दुखतें, सकाळचा ताठरपणा किती, आणि तो किती वेळ टिकतो. प्रत्येकाचें उत्तर शून्यापासून दहापर्यंत. शेवटचे दोन प्रश्न एकाच ताठरपणाविषयींचे, म्हणून त्यांची सरासरी घेऊन एकच उत्तर धरतात, आणि मग पांचांची सरासरी काढतात. भाच्यानें तो कागद पुढें ठेवून घेतला आणि पंधरा मिनिटांनीं तसाच परत केला. दुखण्यास आंकडा कसा द्यावा, हें त्यास उमगेना. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचें देऊळ आहे. चांगदेवांनीं ज्ञानेश्वरांस कोराच कागद धाडला होता ही कथा तिकडील पोरासोरांस पाठ असते. तेव्हां कोऱ्या कागदाची त्या प्रांतीं परंपराच आहे म्हणावयाची! बाईंनीं त्यास सांगितलें, “शून्य म्हणजे तुझ्या पालखींतला सर्वांत चांगला दिवस. दहा म्हणजे ज्या रात्रीं तूं भिंतीस धरून रडलास ती रात्र. आतां गेला आठवडा सांग.” मग उत्तरें आलीं: सात, आठ, तीन, सहा, आठ, आठ. सरासरी ६.४. चार किंवा त्याहून अधिक अंक म्हणजे रोग जागा आहे असें समजतात.

भिंतीस धरून रडल्याची गोष्ट बाईंस कोणी सांगितली होती, कीं अशा रोग्यांचा त्यांस अनुभवच तसा, हें आम्हीं विचारलें नाहीं. मेहुण्यांनीं मात्र ती त्या दिवशीं प्रथम ऐकली.

दुसरा कागद दैनंदिन कामांचा. त्यांत दहा प्रश्न, आणि पहिलाच प्रश्न असा कीं, कोणाच्या मदतीवांचून मोजे घालतां येतात काय? मोजण्याच्या शास्त्रानें मोज्यांपासून आरंभ करावा हें ठीकच. परंतु वैशाखांत मुक्ताईनगरास मोजे घालणारा मनुष्य पाठीच्या नव्हे, डोक्याच्या वैद्याकडे नेला जाईल. भाचा गोंधळून आमच्याकडे पाहूं लागला. “मामा, मोजे कोण घालतो?” बाई हंसल्या आणि म्हणाल्या, “बरें, पायांत कांटा मोडला तर तुझा तूं काढतोस कीं दुसऱ्यास बोलावतोस?” याचें उत्तर त्यानें तत्काळ दिलें. आणखी एक प्रश्न, जमिनीवर उताणें असतां मदतीवांचून उठण्याचा. बाथच्या मनुष्यास हा प्रसंग पडल्यासच येणार. आमच्याकडे निजणें, जेवणें, पूजा, शौच, सारें जमिनीच्या जवळ. तेव्हां एकच कागद दोन देशांत दोन निराळ्या गोष्टी विचारतो.

ही अडचण आपल्याकडील वैद्यांच्या लक्षांत आलेली आहे, हें सांगितलेंच पाहिजे. आमवाताच्या रोग्यांसाठीं अमेरिकेंत तयार झालेल्या अशाच एका प्रश्नपत्रिकेची भारतीय आवृत्ति २००२ सालीं प्रसिद्ध झाली. तींत मांडी घालून किंवा उकिडवें बसणें, रिक्षांत चढणें-उतरणें, भाजीबाजार करणें, तीन किलोमीटर चालणें, असे प्रश्न आले. आणि त्याही आधीं, १९९६ सालीं, पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह पुणें जिल्ह्यांतील भिगवण गांवीं घरोघर जाऊन चार हजारांवर प्रौढ स्त्रीपुरुषांस सांधे व पाठ यांविषयीं विचारलें. जवळजवळ अठरा टक्के लोकांनीं कांहीं ना कांहीं दुखत असल्याचें सांगितलें. इतकीं माणसें दुखणें घेऊन वावरत होतीं. दारांत कोणी येऊन विचारीपर्यंत त्याची कोठें नोंद नव्हती.

तीस वर्षें उत्तरपत्रिका तपासून गुण या वस्तूविषयीं आमचें मत फारसें आदराचें राहिलेलें नाहीं. त्रेपन्न गुणांचा विद्यार्थी बावन्न गुणांच्याहून शहाणा, असें म्हणणाऱ्यानें आमच्या शेजारीं बसून पन्नास पेपर तपासून पाहावे. एकाचा आठ हा दुसऱ्याचा पांच असूं शकतो, हा आक्षेप आम्हींही बाईंपुढें मांडला. त्यांनीं तो मान्य केला. मग त्यांनीं असें समजाविलें कीं, दोन माणसांच्या आंकड्यांची तुलना हा या कागदाचा मुख्य उपयोगच नव्हे. एकाच माणसाचा आजचा आंकडा आणि सहा महिन्यांनंतरचा आंकडा यांतील फरक हा त्याचा उपयोग. आणि केवळ सांगण्यावर विसंबूं नये म्हणून २००९ सालीं निघालेल्या नव्या मापनांत रोग्याच्या उत्तरांबरोबर रक्तांतील दाहाचा आंकडाही मिसळतात. हें आम्हांस पटलें.

या आंकड्यांवर घरचा एक मोठा निर्णय अवलंबून होता. पहिले तीन महिने दाहशामक गोळ्या, एक प्रकारच्या आणि मग दुसऱ्या, आणि रोजचा व्यायाम. अंक ६.४ वरून ५.२ वर आला, चारच्या खालीं येईना. तेव्हां सुईनें देण्याचें जैविक औषध सुचविण्यांत आलें. दाह पेटविणाऱ्या एका प्रथिनास तें अडवितें. परंतु हेंच प्रथिन शरीरांत दबून असलेल्या क्षयाच्या जंतूंभोवतीं कुंपण घालून असतें. कुंपण काढलें तर जंतु मोकळे सुटण्याची भीति. म्हणून आपल्यासारख्या देशांत आधीं छातीचें चित्र आणि क्षयाची तपासणी केल्यावांचून तें देत नाहींत. भाच्याच्या तपासण्या निर्मळ निघाल्या. राहिला पैशाचा प्रश्न. २०१४ पासून अशा औषधाची भारतांत बनलेली आवृत्ति मिळूं लागली आणि किंमत उतरली, तरी केळी करणाऱ्या घरास ती जाणवल्यावांचून राहत नाहीं. थोरल्या मुलानें शंका काढली, इतका खर्च खरेंच आवश्यक आहे काय? मेहुण्यांनीं कपाटांतून तो दोन आंकड्यांचा कागद काढून त्याच्यापुढें ठेविला. ते स्वतः कांहीं बोलले नाहींत.

सहा महिन्यांनीं पुन्हां माप झालें. प्रश्नांचा अंक २.४. पहांटे जाग येणें थांबलें होतें, सकाळचा ताठरपणा पंधरा मिनिटांवर आला होता. आम्ही सर्व हर्षभरित झालों. परंतु फितीनें इतकें औदार्य दाखविलें नाहीं. मान अधिक वळूं लागली, कुशीवर अधिक कलतां येऊं लागलें. पण पाठीवरच्या त्या तीन खुणांतील वाढ अडीचाची तीन सेंटिमीटर, एवढीच. रोग कोवळा असतो तोंवर पाठ दाहानें आखडलेली असते, आणि दाह उतरला कीं ती मोकळी होते. परंतु सात वर्षांत जेथें नवें हाड धरलें, तेथील जखडणें कोणत्याही सुईनें सुटत नाहीं. तीं सात वर्षें फितीवर अशीं दोन-अडीच सेंटिमीटरांत मोजतां येतात. भाच्यास हें बाईंनीं स्पष्ट सांगितलें, आणि त्यानेंही तें शांतपणें ऐकून घेतलें. त्याचा प्रश्न एकच होता: ज्येष्ठांत पालखीबरोबर जाऊं काय? बाई म्हणाल्या, “अवश्य जा. मात्र मुक्कामावर गेल्यावर लगेच आडवा होऊं नकोस, आणि सुईची तारीख चुकवूं नकोस.”

आतां बहिणीच्या घरीं दुधाच्या हिशेबाच्या वहींत मागच्या बाजूनें एक दुसरा हिशेब चालतो. महिन्याच्या पहिल्या रविवारीं दुपारीं चार वाजतां मुलगा माजघराच्या भिंतीस टांचा लावून उभा राहतो, मेहुणे फूटपट्टी धरतात आणि बहीण लिहिते. औषध थंड ठेवावें लागतें म्हणून पालखीच्या वाटेवरील दोन मुक्कामांच्या गांवीं आप्तांकडे शीतपेटीची व्यवस्था लावून झाली आहे. कानाचें भिंतीपासूनचें अंतर गेल्या चार नोंदींत साडेसोळा सेंटिमीटरच आहे. त्याच्यापुढें मेहुण्यांनीं आपल्या हातानें ‘कायम’ असें लिहिलें आहे.